लाला हरदयाळांवर चाळीस मिनिटं बोलायचं असेल तर

परदेशात राहून लढलेल्या क्रांतिकारकांवर व्याख्यान द्यायला पुण्यात वक्त्यांचा तोटा नाही. पण तो क्रांतिकारक भरपूर लिहिणारा असेल आणि मध्येच स्वतःची मतं फिरवणारा असेल, तर बहुतेक वक्ते दोनांतली एक वाट धरतात. काही जण जन्मापासून सुरुवात करून ‘गदर’ या क्रांतिकारी पत्राच्या पहिल्या अंकापर्यंत धडाक्यात येतात आणि टाळ्या पडल्या की तिथेच थांबतात. काही जण ‘शेवटी इंग्रजांचे गोडवे गायला लागले’ एवढं एक वाक्य टाकून मोकळे होतात. लाला हरदयाळांवरची दोन्ही तऱ्हेची भाषणं मी ऐकली आहेत आणि दोन्ही वेळा मनापासून वाईट वाटलं आहे. चोपन्न वर्षं जगलेल्या माणसाची जवळजवळ निम्मी वर्षं श्रोत्यांपासून दडवायची, हा त्या माणसावरही अन्याय आणि श्रोत्यांवरही.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवला. आता सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचनकट्ट्यावर तरुण मुलंमुली गणेशोत्सवातल्या, वसंतातल्या, सोसायटीतल्या व्याख्यानांची तयारी करायला येतात. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे नीट लिहून ठेवते आहे. हीच पद्धत श्यामजी कृष्ण वर्मा, मॅडम कामा, वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, मानवेंद्रनाथ रॉय यांनाही लागू पडेल. पण हरदयाळ या सगळ्यांत अवघड, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करा.

आधी वही

पुस्तकांच्या मागे धावण्याआधी एक वही घ्या आणि प्रत्येक पानावर चार रकाने आखा. तारीख. ठिकाण. त्या वेळी जे लिहिलं किंवा बोललं ते कुणासाठी. आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा: त्या क्षणी गळ्याशी काय आलं होतं? पैसा, पोलीस, पासपोर्ट, घर, आजारपण, काहीही. हा चौथा रकाना भरल्याशिवाय या माणसाचं एकही वाक्य व्यासपीठावरून उच्चारू नका, असं मी मुलांना बजावून सांगते.

पहिले तीन रकाने भरायला फार वेळ लागत नाही. 14 ऑक्टोबर 1884, दिल्ली. सेंट स्टीफन्स कॉलेजातून बी.ए., लाहोरहून एम.ए., संस्कृतात विलक्षण गती. 1905 मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात. 1907 मध्ये ती शिष्यवृत्ती स्वतःहून सोडली. 1908 मध्ये हिंदुस्थानात परत आणि त्याच वर्षी पुन्हा बाहेर. त्यानंतर हा माणूस मायदेशी कधीच परतला नाही. सप्टेंबर 1909 मध्ये मॅडम कामांच्या वर्तुळातून निघालेल्या ‘वंदे मातरम्’चं संपादन, मदनलाल धिंग्रांना लंडनमध्ये फाशी होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. पुढे कॅरिबियन समुद्रातलं मार्टिनिक बेट, तिथे विरक्तासारखं राहणं आणि तिथेच भाई परमानंदांची भेट. 1911 मध्ये हवाई, मग कॅलिफोर्निया. स्टॅनफर्ड विद्यापीठात काही महिने व्याख्याते, 1912 मध्ये तिथून बाहेर. 1 नोव्हेंबर 1913 ला सॅन फ्रान्सिस्कोतून उर्दू ‘गदर’चा पहिला अंक, मथळ्यावर ‘अंग्रेज़ी राज का दुश्मन’; अमेरिकेतल्या हिंदी लोकांची ब्रिटिशविरोधी चळवळही याच नावानं ओळखली गेली. मार्च 1914 मध्ये अमेरिकन सरकारकडून अटक, जामीन आणि स्वित्झर्लंडला प्रयाण. महायुद्धात बर्लिन आणि कॉन्स्टँटिनोपल. ऑक्टोबर 1918 पासून स्वीडन, तिथे जवळजवळ दहा वर्षं. 1927 मध्ये लंडन, 1930 मध्ये तिथल्या विद्यापीठाची पीएच.डी. 1938 मध्ये मायदेशी यायची परवानगी मिळाली आणि ती वापरण्याआधीच 4 मार्च 1939 ला अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात मृत्यू.

एवढं लिहून झालं की तुम्हाला वाटेल, झालं व्याख्यान. नाही झालं. हे कुठल्याही कोशात मिळतं आणि श्रोत्यांमधल्या एखाद्या काकांना ते तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतं. खरं काम चौथ्या रकान्यात आहे.

एक पान भरून दाखवते. तारीख: 1919 आणि 1920. ठिकाण: स्वीडन. लिहिलं काय? 1919 मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात पत्र आणि 1920 मध्ये ‘फॉर्टी-फोर मन्थ्स इन जर्मनी अँड टर्की’ हे छोटं पुस्तक. कुणासाठी? इंग्रजी वाचकांसाठी, पुस्तक छापलंही लंडनमध्ये. गळ्याशी काय आलं होतं? ज्या जर्मनीच्या आधारावर सगळा डाव मांडला ती हरलेली. बर्लिनमधल्या हिंदी मंडळींशी बिनसलेलं. अमेरिकेचा दरवाजा बंद. ब्रिटिश मुलखात पाऊल टाकलं तर तुरुंग, नाही तर त्याहून वाईट. माफी मिळून परत जाता येईल का, याची खटपट त्याच सुमाराला सुरू. हे सगळं एका पानावर समोरासमोर आलं की पुस्तकातली वाक्यं निराळी ऐकू यायला लागतात. ती खोटी ठरतात असं मी म्हणत नाही. ती कुठल्या खोलीत बसून लिहिली गेली ते दिसायला लागतं.

पुण्यात काय कुठे

आता ग्रंथालयं. पुण्यात राहून हे काम करायला तुम्हाला दिल्ली-लंडन गाठावं लागत नाही, हे आपलं भाग्य.

विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हरदयाळांचा बॉम्ब आणि ‘गदर’ शोधायला जाऊ नका. तिथे त्यांच्या आयुष्यातल्या दुसऱ्याच खोलीचं दार उघडतं. लंडनच्या पीएच.डी.साठी लिहिलेला प्रबंध 1932 मध्ये ‘द बोधिसत्त्व डॉक्ट्रिन इन बुद्धिस्ट संस्कृत लिटरेचर’ नावानं ग्रंथरूपात आला. बोधिचित्त, सदतीस बोधिपाक्षिक धर्म, पारमिता, भूमी अशी एकेक संकल्पना घेऊन संस्कृत ग्रंथांतून माग काढत नेलेलं काम आहे ते, आणि बौद्ध अभ्यासकांच्या टेबलावर आजही असतं. त्यांतले बहुतेक जण लेखकाच्या राजकारणाकडे वळूनही पाहत नाहीत, तर गदरचे अभ्यासक या ग्रंथाचं नाव घेत नाहीत. तुम्ही निदान पारमितांचं प्रकरण वाचाच. दान, शील, क्षांती यांवर इतक्या बारकाईनं लिहिणारा हात तोच आहे, ज्यानं वीस वर्षांपूर्वी, 1912 मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंगवर टाकलेल्या बॉम्बचं जाहीर कौतुक केलं होतं. पाली-संस्कृतची सवय नसेल तर आधी धर्मानंद कोसंबींचं मराठी लेखन वाचून घ्या, वाट सोपी होते.

बी.एम.सी.सी. रस्त्यावर गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय आहे. मुळात भारत सेवक समाजाचं, त्यामुळे सरकारी अहवाल आणि जुनी इंग्रजी मासिकं यांसाठी पुण्यात आधी तिथेच विचारावं. दोन गोष्टी मागा. एक, कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’चा 1912 चा खंड, मार्च महिन्यात हरदयाळांचा कार्ल मार्क्सवरचा लेख आहे, ज्यात ते मार्क्सला आधुनिक ऋषी म्हणतात. हिंदुस्थानात मार्क्सवर इतक्या लवकर इतकं सविस्तर फार थोड्यांनी लिहिलं. दुसरं, 1918 चा सेडिशन कमिटीचा अहवाल, ज्याला आपण रौलट अहवाल म्हणतो. त्याची सुरुवातच मुंबई इलाख्यापासून, पर्यायानं आपल्या पुण्यापासून आणि चापेकरांपासून होते.

या अहवालाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण मुलं इथेच घसरतात. पोलिसांनी लिहिलेलं सगळं खोटं, असं धरून चालू नका आणि सगळं खरं, असंही नको. सरकारी कागदात तारखा, गावं, पकडलेल्या वस्तू बऱ्यापैकी नेमक्या असतात, कारण खटल्यात त्या टिकवाव्या लागत. हेतू मात्र त्यांनी चिकटवलेले असतात. कोण कुणाचा ‘सूत्रधार’, कोण ‘भडकवलेला’, हे वाचताना पेन्सिल हातात ठेवा. आणि खबऱ्याच्या तोंडून आलेली माहिती असेल तर वहीत तसं लिहा. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर गृहखात्याच्या राजकीय फायली घरबसल्या पाहता येतात. तिथेही हाच नियम.

नारायण पेठेत केसरीवाड्यात जुन्या ‘केसरी’च्या फायलींबद्दल विचारा. ‘गदर’ निघाला तेव्हा टिळक मंडालेत होते, जून 1914 मध्ये सुटून आले, हे ध्यानात ठेवून अंक चाळा. मुख्य म्हणजे मार्च 1939 पासून पुढचे अंक पाहा. मृत्यूनंतर मराठी वाचकाला हरदयाळ कसे सांगितले गेले, ते तिथे कळेल. मृत्युलेखात काय सांगितलं यापेक्षा काय गाळलं, याची यादी करा. भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पुणे नगर वाचन मंदिर इथल्या ग्रंथपालांना विषय सांगून ठेवा. घाईत दोन मिनिटं विचारून निघू नका. शांतपणे बसलात, विषय समजावून सांगितलात तर तुम्हाला माहीत नसलेलं पुस्तक तेच काढून देतात. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ‘हिंट्स फॉर सेल्फ कल्चर’ विचारून पाहा. 1934 चं पुस्तक, बुद्धी, शरीर, सौंदर्यदृष्टी आणि नीती यांची मशागत कशी करावी यावरचं. त्याच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या की अनेक घरांत ते असतं आणि लेखक कोण होता हे घरातल्या कुणालाच ठाऊक नसतं.

‘गदर’चे अंक आणि पत्रकं यांसाठी फिलाडेल्फियातल्या दक्षिण आशियाई अमेरिकन डिजिटल संग्रहाचं संकेतस्थळ आहे, ‘साडा’ या नावानं शोधा. पण अंक उर्दूत आणि गुरुमुखीत आहेत. भाषांतरावर अवलंबून राहायची वेळ येतेच, तरी निदान एक पान मूळ भाषेत कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. आपल्या कॅम्पात उत्तम उर्दू जाणणारी माणसं आहेत, गणेशखिंडीत विद्यापीठातही आहेत. शेतात आणि लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांसाठी ती भाषा होती. संध्याकाळी एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी तिची घडण आहे. ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती सोडलेला विद्वान इतकं सोपं लिहू शकतो, हे कानावर पडल्याशिवाय पटत नाही.

अवघड जागा

तीन ठिकाणी तुमची परीक्षा आहे.

पहिलं ठिकाण 1920 चं पुस्तक. हे इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतं, शंभराच्या आसपास पानं आहेत, एका रविवारी वाचून होतं. तरी यावर बोलणाऱ्या बहुतेकांनी ते वाचलेलं नसतं, याचा मला फार राग येतो. आतला मुद्दा असा, की जर्मन आणि तुर्की सत्ताधाऱ्यांना हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याशी देणंघेणं नव्हतं, त्यांनी आपल्या माणसांना वापरून घेतलं. आदल्या वर्षीच्या पत्रात तर त्यांनी साफ लिहिलं होतं, की साम्राज्यशाही वाईटच, पण ब्रिटिश किंवा फ्रेंच साम्राज्यशाही जर्मन किंवा जपानी साम्राज्यशाहीपेक्षा कितीतरी पटींनी पत्करली.

यातले दोन धागे वेगळे करा. जर्मनांबद्दलचा अनुभव हा एक धागा. तो तपासता येतो आणि बर्लिनला गेलेल्या इतरांच्या आठवणींशी ताडून पाहता येतो. आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष, की ब्रिटिशांचं राज्य त्यातल्या त्यात बरं, हा दुसरा धागा. पहिला मान्य केला म्हणून दुसरा मान्य करावा लागत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर, पहिल्यात खूप तथ्य आहे आणि दुसरा निष्कर्ष 1919 साली, जालियनवाला बागेच्या वर्षात, एका पंजाब्यांच्या चळवळीच्या संस्थापकानं काढावा, हे मला आजही झोंबतं. पत्र मार्चमधलं आहे, हत्याकांड 13 एप्रिलचं, म्हणजे पत्र आधीचं, हेही इमानदारीनं सांगायला हवं. पण पुस्तक नंतरचं आहे.

दुसरं ठिकाण याहून कडू. 1925 मध्ये लाहोरच्या ‘प्रताप’मध्ये हरदयाळांचं एक निवेदन आलं. हिंदू जातीचं, हिंदुस्थानचं आणि पंजाबचं भवितव्य चार खांबांवर उभं आहे, असं ते म्हणतात: हिंदू संघटन, हिंदू राज्य, मुसलमानांची शुद्धी (म्हणजे त्यांना हिंदू धर्मात घेणं), आणि अफगाणिस्तान व सरहद्द जिंकून तिथली शुद्धी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरच्या आपल्या ग्रंथात हे निवेदन उद्धृत केलं आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ते सहज सापडतं. आता हे शेजारी ठेवा: ‘गदर’च्या चळवळीत हिंदू, मुसलमान, शीख एकत्र होते आणि धर्म राजकारणात आणायचा नाही असा त्यांचा दंडक होता. आणि पुढे 1938 मध्ये याच लेखकाचं ‘ट्वेल्व्ह रिलिजन्स अँड मॉडर्न लाइफ’ येतं, ज्यात बाराही धर्मांतलं घेण्यासारखं वेचणारा बुद्धिवादी बोलतो.

व्याख्यानात मोह होतो तो यांतलं एक निवडायचा. ज्यांना 1925 चे हरदयाळ हवेत ते 1913 विसरतात, ज्यांना 1913 चे हवेत ते 1925 झाकतात. सोशल मीडियावर तर तारीख कापून वाक्यं फिरतात आणि तुमचेच श्रोते ती तुम्हाला आदल्या रात्री पाठवतात. तुम्ही तिन्ही सांगा, तारखांसकट, ज्या क्रमानं घडली त्या क्रमानं. आणि ‘त्यांचं खरं मत हेच’ असं म्हणू नका. या माणसाची मतं त्या त्या वेळी खरी होती. तो एकेका विचारात सर्वस्व झोकून देणारा होता, त्याचा त्रास त्याला झाला आणि त्याच्यापेक्षा इतरांना जास्त झाला.

तिसरं ठिकाण घर. पत्नी सुंदर राणी दिल्लीत राहिल्या. मुलगी शांती वडिलांशिवाय वाढली. हरदयाळांनी पुढची वर्षं आग्दा एरिकसन या स्वीडिश स्त्रीबरोबर काढली. चरित्रकार हा मजकूर एक तर गाळतात, नाही तर चघळतात. तुम्ही दोन्ही करू नका. दोन-तीन मिनिटं, सरळ शब्दांत, आवाज न चढवता. देशासाठी घरदार सोडलं हे वाक्य पुण्याच्या व्यासपीठांवर फार सहज येतं. ते उच्चारल्यावर घरात मागे कोण राहिलं, तिचं नाव काय, हे त्याच श्वासात सांगायला हवं. सुंदर राणींचं नाव मी दर वेळी मुलांकडून वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेते.

नगर रस्त्यावरचा धागा

पुण्यात बोलताय तर पुण्याचा धागा हवाच, आणि तो ओढूनताणून आणावा लागत नाही. नगर रस्त्यानं शिक्रापूरला जाऊन आत वळलं की तळेगाव ढमढेरे लागतं. विष्णु गणेश पिंगळे तिथले. अभियांत्रिकी शिकायला अमेरिकेला गेलेला मुलगा, तिथे गदरच्या चळवळीत ओढला गेला. महायुद्ध पेटल्यावर परत फिरलेल्या लोकांबरोबर 1914 च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला उतरला. रासबिहारी बोस आणि पंजाबातले गदरवाले यांच्यातला दुवा झाला. फेब्रुवारी 1915 चा लष्करी उठाव खबऱ्यामुळे फुटला, धरपकड सुरू झाली, तरी पिंगळे मीरतच्या छावणीत गेले. 23 मार्च 1915 ला बाराव्या घोडदळाच्या लाइनींत बॉम्बसकट पकडले गेले. अर्धी पलटण उडवायला पुरेसे, असं त्या बॉम्बचं वर्णन रौलट अहवालात आहे.

लाहोर कटाच्या खटल्यात 13 सप्टेंबर 1915 ला निकाल लागला. 24 जणांना फाशी, त्यांपैकी 17 जणांची शिक्षा व्हाइसरॉयनं जन्मठेपेवर आणली. उरलेल्या सात जणांत एकोणीस वर्षांचा कर्तारसिंग सराभा होता आणि आपले पिंगळे होते. 16 नोव्हेंबर 1915, लाहोर.

आता ही तारीख वहीत हरदयाळांच्या रकान्याशेजारी लिहा. त्या दिवशी ते युरोपात होते. हाक देणारा सुखरूप आणि हाकेला ओ देणारा फासावर, असा सरळ हिशेब मांडू नका. हरदयाळ मार्च 1914 मध्येच अटकेत पडले, अमेरिका सोडून गेले, उठावाचा बेत त्यांच्यामागे इतरांनी आखला. पण मत बदलायला हरदयाळांना पुढची तेवीस-चोवीस वर्षं मिळाली, पिंगळ्यांना ती मिळाली नाहीत. 1920 च्या पुस्तकाबद्दल बोलताना हे श्रोत्यांच्या मनात असलं पाहिजे, म्हणून पिंगळे त्याच्या आधी सांगा. हा क्रम मी आग्रहानं धरते.

जमलं तर व्याख्यानाआधी तळेगावला जाऊन या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, पण ऐकलेलं आणि कागदावरचं वहीत वेगवेगळ्या शाईनं लिहा. आजोबांच्या तोंडची गोष्ट व्यासपीठावर सांगायला हरकत नाही. ‘गावात असं सांगतात’ एवढं आधी म्हणा. तेवढ्यानं गोष्टीची गोडी जात नाही आणि तुमचा शब्द राखला जातो. मराठी धागा आणखी हवा असेल तर वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आहेत, तेही त्याच काळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर होते आणि पुढे मेक्सिकोत शेतीतज्ज्ञ म्हणून नावाजले. पण ते स्वतंत्र व्याख्यानाचे धनी आहेत, चाळीस मिनिटांत त्यांना कोंबू नका.

चाळीस मिनिटांची मांडणी

जन्मानं सुरुवात नको. 1920 च्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पडद्यावर दाखवा, नाही तर छापून हातात धरा, आणि प्रश्न विचारा: सात वर्षांपूर्वी ‘अंग्रेज़ी राज का दुश्मन’ छापणाऱ्यानं हे का लिहिलं? तीन मिनिटांत श्रोते तुमचे होतात. मग मागे जा. दिल्ली ते ऑक्सफर्ड पाच मिनिटांत संपवा, त्यात शिष्यवृत्ती सोडण्याला एक मिनिट नीट द्या. कॅलिफोर्निया आणि ‘गदर’ दहा मिनिटं, त्यात उर्दूतला एक उतारा. पिंगळे पाच मिनिटं. 1918 ते 1925 याला बारा मिनिटं, कारण सगळी गुंतागुंत तिथे आहे. सुंदर राणी आणि घर याला तीन. उरलेल्या दोन मिनिटांत लंडन, बोधिसत्त्वाचा ग्रंथ आणि फिलाडेल्फिया.

वाक्यं कशी घडवायची ते एका उदाहरणानं दाखवते. कट्ट्यावर एका मुलीनं लिहून आणलं होतं: ‘जर्मनीत आलेल्या कटू अनुभवांमुळे निराश होऊन लालाजींनी अखेर क्रांतीचा मार्ग सोडला.’ ऐकायला गुळगुळीत, पण यात तारीख नाही, पुरावा नाही, आणि ‘निराश होऊन’ हे आपण त्यांच्या मनात शिरून ठरवलेलं. आम्ही दोघींनी बसून ते असं केलं: ‘1915 ते 1918 हरदयाळ जर्मनी आणि तुर्कस्तानात होते. बर्लिनमधल्या हिंदी मंडळींशी त्यांचं पटेनासं झालं. ऑक्टोबर 1918 मध्ये ते स्वीडनला गेले. पाच महिन्यांनी त्यांचं पत्र लंडनमध्ये छापून आलं, त्यात ब्रिटिश सत्ता जर्मन सत्तेहून बरी असं म्हटलं होतं. त्याच सुमाराला ते माफीसाठी खटपट करत होते. अनुभवातून हे मत बनलं की माफी मिळावी म्हणून लिहिलं गेलं, याचा निवाडा करायला लागणारे कागद मी तुमच्यापुढे ठेवते.’ लांब झालं, पण प्रत्येक वाक्याला हात लावून दाखवता येतं. त्या मुलीनं व्याख्यानात हे वाचलं तेव्हा सभागृहात चुळबूळ थांबली होती.

विशेषणं काढा. ‘थोर’, ‘झुंजार’, ‘वादग्रस्त’, सगळी. त्यातही ‘वादग्रस्त’ म्हणाल तर वाद काय होता ते सांगावंच लागेल, आणि ते सांगितलंत की विशेषणाची गरज उरत नाही. ‘लालाजी’ म्हणायचं की ‘हरदयाळ’, हे एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा; कौतुकाच्या वेळी लालाजी आणि टीकेच्या वेळी नुसते हरदयाळ, हे श्रोत्यांच्या लगेच लक्षात येतं.

प्रश्नोत्तरांत कुणीतरी उठून विचारणारच: मग देशभक्त होते की नव्हते, एका शब्दात सांगा. एका शब्दात सांगू नका. म्हणा, 1913 सालचं विचारताय की 1920 चं की 1925 चं? साल सांगा, मी त्या वर्षीचा कागद वाचून दाखवते. आणि खरोखर वाचून दाखवा, त्यासाठी झेरॉक्स क्रमानं लावून टेबलावर ठेवलेल्या असू द्या. दुसरा हमखास प्रश्न सावरकरांच्या माफीपत्रांशी तुलनेचा येतो, कारण आपण पुण्यात आहोत. तुलना टाळू नका, पण दोघांच्या चौथ्या रकान्यांतला फरक आधी सांगा: एक अंदमानच्या कोठडीत होते, दुसरे तटस्थ देशात मोकळे होते. मग ज्याचं त्यानं ठरवावं.

शेवटी, दाराशी ठेवायला एक पानी टिपण काढा. डावीकडे तारखा, उजवीकडे त्या त्या तारखेचं पुस्तक किंवा कागद, आणि तो पुण्यात कुठे पाहायला मिळाला ते. स्वतः पाहिलेलेच कागद लिहा. ग्रंथालयांच्या वेळाही टाका, सुट्टीच्या वारासकट, कारण ज्याला खरंच वाचायचं आहे तो दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन उभा राहतो.